गोड्या पाण्याची भट्टी

जानेवारीत बायकोला ठाण्याच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून तिने मला बजावलं, "अबोलीचा पाणी चुकवू नकात."

"आणि माझ्या जेवणाचा काय?" मी म्हटलं.

"तुमी काय ल्हान आसात?" ती म्हणाली, आणि गाडी हलली.

मुलीचं पहिलं बाळंतपण होतं. तीन महिने राहून परत यायचं, असं ठरलं होतं. मी घरी थांबायचं, कारण घराला कुणीतरी हवं, आणि मुलीच्या दोन खोल्यांत मी तरी काय करणार होतो? बाळंतिणीच्या घरात पुरुषमाणूस म्हणजे नुसती अडगळ. शिवाय माझा उभा जन्म जहाजावरच्या केबिनीत गेलेला. मी फिटर होतो, म्हणजे इंजिनरूममधला माणूस. समुद्रावर राहूनही समुद्र फारसा न बघितलेला. गेल्या दिवाळीत निवृत्त झालो तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं की आता दार उघडलं की वाळू आणि माड दिसले पाहिजेत, दुसरं काही नको. ते दिसत होतेच. फक्त बघायला मी एकटा उरलो होतो.

आमचं घर तोंडवलीला. पुढे समुद्र, मागे खाडी, मधे वाळूची पट्टी आणि त्या पट्टीवर आम्ही. घराच्या पाठीमागे न्हाणीघराच्या भिंतीला लागून बायकोचा अबोलीचा वाफा आहे. अबोलीला वास नसतो. केशरी, कागदासारखी पातळ फुलं. बायको त्यांचा वळेसार गुंफते, म्हणजे माळ करते. थोडी देवाला, थोडी केसात, उरली तर शेजारणीला. मला त्या फुलांत कधी काही विशेष दिसलं नाही. फुलाला वास नाही तर ते फूल कसलं, असं मी तिला चिडवायचो. ती गुंफत राहायची.

ती गेल्यावर पहिले काही दिवस बरे गेले. हवं तेव्हा उठावं, चहा दोनदा करावा, बातम्या मोठ्याने लावाव्यात. मग घर अंगावर यायला लागलं. आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलपं, आणि उरलेल्या निम्म्यांत पर्यटकांच्या खोल्या. पर्यटक हसून हात करतात, पण बोलणार काय त्यांच्याशी? संध्याकाळी बायकोचा फोन यायचा तेव्हा आधी खाकरून घ्यावं लागायचं, कारण सकाळपासून तोंड उघडलेलंच नसायचं.

फोन व्हिडिओवर असायचा. मी केस विंचरून बसायचो. ती आधी नातवाला दाखवायची, मग म्हणायची, "तुमचा तोंड नको माका, झाडां दाखवा."

मग मी उठून वाफ्याकडे जायचो आणि फोन एकेका झाडासमोर धरायचो. अमक्याला कळे आले का, तमक्याच्या बुडात तण वाढलंय का, सगळं ती तिथून बघायची. मी जेवलो का, हे एखाद्या वेळी विचारायची. राग यायचा मला. पण फोन ठेवल्यावर तोच राग घेऊन मी त्या झाडांपाशीच बसायचो, कारण तिचं लक्ष तिथे लागलेलं होतं आणि मला तेवढ्यावर भागवायचं होतं.

बायकोची एक सवय होती. मासळी धुतलेलं पाणी ती कधी टाकत नसे, अबोलीला घालायची. आमच्याकडे बहुतेक बायका तसंच करतात. फुलझाडाला त्यासारखं खत नाही. मीही ते नेमाने करत होतो. पेडवे आणले, बांगडे आणले, बावीचं पाणी काढून धुतले आणि ते पाणी वाफ्यात. बाव म्हणजे आमची विहीर. होळी होऊन गेली आणि पानांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या. मला वाटलं, ऊन लागलं असेल. म्हणून मी आणखी पाणी घातलं. मासळी नव्हती त्या दिवशीही मुद्दाम आणली. पानं आणखी करपली.

शेवटी लपवून लपवणार किती? फोनवर तिला दिसलंच.

"पानां करपली कशी?"

"ऊन लय आसा."

"उनान अशी करपनत नाय. बावीचा पाणी चाखून बघितलात?"

मी जाऊन ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकलो. खारट. प्यायला-रांधायला मी नळाचं पाणी वापरत होतो, त्यामुळे बावीचं पाणी जिभेला लागलंच नव्हतं. आंघोळीला साबण फेसत नव्हता, त्याचा दोष मी साबणाला दिला होता.

"होळी झाली की आमची बाव खारी होता," ती म्हणाली. "तुमका खंयसून माहीत असतला? होळयेक तुमी कधी घराक होतात?"

टोमणा नव्हता तो. नुसती माहिती होती. वाळूतल्या विहिरीचं असंच असतं. पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून असतं, आणि उन्हाळ्यात वरचं उपसलं गेलं की खालचं वर येतं. आता आजूबाजूच्या खोल्यांचे पंपही दिवसभर चालतात, त्यामुळे लवकरच येतं. म्हणजे मी करत होतो काय, तर बांगडे खाऱ्या पाण्यात धुऊन त्याच पाण्याने बायकोची झाडं मारत होतो. आणि वर मुद्दाम मासळी विकत आणून.

"मग तू काय करी होतंस?" मी विचारलं.

"डोंगराकडच्या बावीचा पाणी हाडी होतंय. कळशेन."

डोंगराच्या पायथ्याची ती बाव मला माहीत आहे. चांगली दूर आहे. उन्हाळाभर ती रोज कळशीने पाणी आणत होती, आणि मी बंदराबंदरातून फोन करून हवापाणी कसं आहे म्हणून विचारत होतो. आता ती जागा विकली गेलीय. कुंपण पडलं, फाटक आलं, बाव आत राहिली.

नळाचं पाणी एक दिवसाआड येतं आणि उन्हाळ्यात करंगळीएवढं येतं. माझं प्यायचं-रांधायचं जेमतेम भागतं. त्यातलं काढून वाफ्याला घातलं तर वरची माती ओली होते, बस. शेजाऱ्याने तुरटी फिरवायला सांगितलं. फिशमार्केटमध्ये एकाने वाळू आणि कोळशाचा फिल्टर सुचवला. पण तुरटीने गाळ बसतो, कोळशाने वास जातो. मीठ कशाने जात नाही. पाण्यात विरघळलेलं मीठ मागे ठेवायचं असेल तर पाण्यालाच तिथून उठवावं लागतं, वाफ करून. हे मला कुणी सांगायला नको होतं. जहाजावर मी वर्षानुवर्षं तेच केलं होतं. समुद्राचं पाणी आत घ्यायचं, इंजिनाच्या उष्णतेवर उकळायचं, वाफ थंड करायची, की अख्ख्या जहाजाला पुरेल एवढं गोडं पाणी. माझ्या हातचं पाणी कुठल्या कुठल्या देशांची माणसं प्याली आहेत. मग बायकोची अबोली का नाही?

खरं सांगतो, मला अबोलीचं काही पडलेलं नव्हतं. पण त्या सुमाराला फोनवरची भाषा बदलायला लागली होती. 'येतंय'च्या जागी 'बघूया' आलं होतं. मुलीची रजा संपत होती, बाळाला सांभाळायला बाई मिळत नव्हती, मिळाली तर पटत नव्हती. ये म्हणून सांगायला माझ्याकडे दुसरं काय होतं? ती माझ्यासाठी येईल, असं छातीठोकपणे म्हणायची माझी हिंमत नव्हती. अबोलीसाठी मात्र ती आली असती. म्हणून झाडं जगायलाच हवी होती.

न्हाणीघरात आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भाण आहे, चुलीवर बसवलेलं. त्याला झाकण करून घेतलं. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून मालवणात तांब्याची नळी आणली, माडाच्या बुंध्याला गुंडाळून तिची वेटोळी केली आणि ती वेटोळी प्लॅस्टिकच्या पिंपात बसवून पिंप बावीच्या गार पाण्याने भरलं. भाणात खारं पाणी, खाली चुडतं आणि सोडणं, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळाची सालं. जळणाची आम्हांला ददात नाही. झाकणाच्या फटीतून वाफ निसटू नये म्हणून कडेने कणीक लावली. वाफ नळीतून निघून पिंपातल्या गारव्यात पाणी होऊन खाली बाटलीत पडायची. थेंब, थेंब, मग बारीकशी धार. पहिली वाटी मी चाखली. काहीच चव नाही. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. पण तो सांगायला जवळ कुणी नव्हतं, म्हणून चुलीलाच म्हटलं, "झाला गो!"

धूर आणि कणकेचा लेप बघून शेजारचा आलाच. माझ्याच वयाचा, पूर्वी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांत होता, आता गुडघ्यांनी बसवलाय. हातात रिकामी बाटली.

"काय रे, काजीची की माडाची?"

"चाखून बघ."

त्याने डोळे मिटून मोठा घोट घेतला. मग डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिला.

"ह्या पाणी आसा!"

"गोडा पाणी."

"इतकी सोडणां जाळून पाणी काढलंस? तुका काय खूळ लागला?"

"अबोलीक घालूचा आसा."

तो रिकामी बाटली घेऊन परत गेला. थोडा वेळ बस म्हणणार होतो, चहा टाकतो म्हणणार होतो. दारू असती तर तो रोज आला असता, एवढं नक्की.

पहिलं पाणी सगळं वाळूतलं मीठ धुऊन काढण्यात गेलं. वाफ्यात बसून मी सावकाश ओतत राहायचो, ते खाली झिरपून जायचं. मग नवी पालवी आली. मी खूश. पण ती पालवी पिवळी पडायला लागली, कडा नाही, अख्खं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. मला कळेना. पाणी तर मी असं दिलं होतं की बॉयलरमध्ये घातलं तरी खोट निघणार नाही.

बायकोला दाखवलं तर ती हसायलाच लागली. "झाड म्हणजे काय तुमचा इंजिन? नुसत्या पाण्यार जगतला? शेणकालो घाला. राख घाला चुलीतली."

जहाजावरही वाफेपासून काढलेलं पाणी तसंच पीत नाहीत. त्यात चुनखडीसारखं काहीबाही परत मिसळावं लागतं, नाहीतर पाणी पोकळ लागतं. हे मला ठाऊक होतं, पण माणसांपुरतं. चुलीजवळच राखेचा ढीग पडला होता. शेण पाण्यात कालवून शेणकाला केला. आणि मासळी धुणं पुन्हा सुरू केलं, अर्थात भट्टीच्या पाण्यात. डिस्टिल्ड वॉटरने बांगडे धुणारा माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात मी एकटाच असेन.

एप्रिल संपता संपता झाडं अशी भरली की फोनवर दाखवताना मी एकही झाड सोडलं नाही. हिरवी गच्च पानं, शेंड्याशेंड्याला कळ्यांची कणसं. बायकोने फोन आणखी जवळ न्यायला लावला. मग म्हणाली, "मी येतंय. बघूक व्हयी."

ती येणार म्हणून मी घर झाडलं, अंथरुणं उन्हात टाकली, दाढी करून स्टँडवर जाऊन उभा राहिलो. गाडीतून उतरली तेव्हा तिच्या हातात एकच लहान पिशवी होती. तेव्हाच समजायला हवं होतं, पण मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. बारीक झाली होती.

घरी येऊन तिने चहाही घेतला नाही. सरळ पाठीमागे गेली आणि वाफ्यासमोर उकिडवी बसली. पानं उलटीपालटी करून बघितली, माती बोटांत चुरून बघितली. मग माझी भट्टी बघितली. वेटोळं, पिंप, कणकेचे वाळलेले पापुद्रे. तोंडाला पदर लावून हसली.

"माझ्यापेक्षा बरी ठेवलात," ती म्हणाली.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून जेवण केलं. तिने सोलकढी केली, मी बांगडे भाजले. मी तिला भट्टीची गोष्ट सांगितली, शेजारच्याच्या बाटलीची सांगितली, ती डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मला वाटलं, जिंकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर ती वाफ्यात. कोयतीने अबोलीच्या फांद्या छाटत होती, बेतशीर, डोळा बघून. बाजूला दुधाच्या रिकाम्या पिशव्या मातीने भरून ठेवलेल्या, आणि एकेकीत एकेक फांदी खोचत होती.

"ह्यां काय करतंस?"

"बाल्कनीत लावतंय. थंय ऊन चांगला येता." मग हातातल्या फांदीची पानं खुडत म्हणाली, "थंय नळाक गोडा पाणी आसा. दिवसभर."

"म्हणजे तू येवचंस नाय?"

तिने हातातली फांदी खोचून माती दाबली.

"पोरगो शाळेक जायसर तरी ऱ्हवाक व्हया. चेडवाची नोकरी आसा. दुसरा कोण आसा तिका?"

खरंच होतं ते. आणि मीच महिनाभर सोडणं जाळून, राख कालवून, बांगडे धुऊन तिच्या फांद्या अशा तयार केल्या होत्या की एकही मरणार नाही. करपलेल्या झाडाची फांदी कुणी नेली नसती. मला त्या क्षणी तिचा राग आला, मुलीचा आला, ज्याला मी नीट हातातही घेतलं नव्हतं त्या नातवाचाही आला. "आणि मी?" मी म्हटलं. इतकी वर्षं झाली लग्नाला, पण असं काही मी तिला कधी विचारलं नव्हतं. आवाज चढला माझा, आणि मग फाटला.

ती उठली. हात मातीने भरलेले, म्हणून कोपराने माझ्या दंडाला ढोसून मला पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"तुमी चला म्हटलंय तर येशात?"

त्या दोन खोल्यांत आठ दिवससुद्धा मला निघायचे नाहीत, हे तिलाही माहीत होतं.

"मग आयका," ती म्हणाली. "दिवस जाता. दिवसाचा काय नाय. संध्याकाळ जायत नाय. म्हणान मी अबोली लावलेलंय. उजेड कमी होवक लागलो की पाणी घालूक बसाचा. सावकाश. एकेक झाड. मग गुंफूक बसाचा. तवसर रात होता आणि झोप येता." वाफ्याकडे हात करून म्हणाली, "जुनी झाडां नेतंय काय मी? ती तुमका ठेवलंय."

मला वाटलं होतं, झाडं म्हणजे तिला परत आणायची दोरी. तिच्या लेखी ती मागे राहणाऱ्या माणसासाठी होती, आणि आता मागे राहणारा मी होतो. रडू आलं मला. तिने ते बघितलं आणि उठून पुन्हा माती भरायला गेली.

जायच्या आदल्या दिवशी मी भट्टी लावली. वाटेत फांद्या सुकू नयेत म्हणून बाटल्या भरून गोडं पाणी दिलं. स्टँडवर गाडीत पिशव्यांचा खोका मीच चढवला, तिच्या पायापाशी आडवा होणार नाही असा बसवला. कंडक्टर कुरकुरला. मी त्याच्याशी भांडलो, अगदी मन लावून भांडलो.

त्यानंतर मी तिने सांगितलं तसंच करतो. उजेड कमी व्हायला लागला की पाणी घेऊन बसतो. वळेसार काही मला जमत नाही. फुलं सुटी तोडून देवापुढे ठेवतो. संध्याकाळ त्यात जाते. तिच्या बाल्कनीतल्या फांद्यांना पालवी फुटली, ती मला फोनवर दाखवते. आता मीच म्हणतो, झाडं राहू दे, तुझं तोंड दाखव. ती लाजते की वैतागते, कळत नाही, पण दाखवते.

मग पाऊस लागला. बावीला गोडं पाणी आलं, भट्टीची नळी मी गुंडाळून माळ्यावर टाकली. आणि पावसात झाडांना पाणी घालायचं नसतं. दार लावून ओटीवर बसलो तर समोर नुसती संध्याकाळ. दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी मीच फोन केला.

"पावसात तू काय करी होतंस?" मी विचारलं. "संध्याकाळची."

"पावसात?" ती म्हणाली. "पावसात रडत होतंय."

अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. मी काही बोलायच्या आत तिकडे नातू उठला, आणि तिने घाईघाईने फोन ठेवला.